‘स्वयंसेवक’ हा शब्द कोणाचा? ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेची २०० वर्षं आणि संशोधनाचा एक धडा



पेट पास झालेल्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. “विषय ठरलाय, पुस्तकंही जमवलीत, पण यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?” याचं सूत्र माझ्याकडे नाही. पण माझ्याच प्रबंधातल्या एका प्रकरणात मी कशी आपटले आणि मग वाट कशी सापडली, ते सांगता येईल.

ते प्रकरण आहे ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर बुडत्या माणसांना वाचवणाऱ्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनबद्दल. पुढे मी तिला नुसतं ‘संस्था’ म्हणेन. ही संस्था नौदलाचा भाग नाही, सरकारी खातंही नाही. ती देणग्यांवर चालते आणि तिच्या होड्यांवरचे बहुतेक लोक गावातलेच स्वयंसेवक असतात. २०२४ मध्ये तिला २०० वर्षं झाली.

पहिला मसुदा मी मोठ्या उत्साहाने लिहिला होता. वादळ, अंधार, वल्हवणारे कोळी, सुवर्णपदकं, सगळं होतं. मॅडमनी तो परत दिला तेव्हा त्यात जिथे जिथे ‘स्वयंसेवक’ हा शब्द होता तिथे पेन्सिलीने गोल केलेला होता. शेवटच्या पानावर एकच ओळ: “हा शब्द तुमचा की संस्थेचा?”

दोन दिवस मला काही कळलंच नाही. मग लक्षात आलं की मी संस्थेचा इतिहास लिहिलाच नव्हता. संस्था स्वतःबद्दल जे सांगते ते मराठीत उतरवलं होतं. आज त्या एका ओळीतून निघालेले प्रश्न तुमच्यासमोर ठेवते.

आधी गोष्ट थोडक्यात

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या किनाऱ्यावर जहाज फुटणं ही रोजच्यासारखी गोष्ट होती. शिडाची जहाजं, अपुरे नकाशे, हिवाळ्यातली वादळं. किनाऱ्यावरून माणसं डोळ्यांसमोर बुडताना दिसायची. लाइफबोटी अगदीच नव्हत्या असं नाही. १७८९ मध्ये टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ नावाचं जहाज फुटलं आणि लोकांच्या देखत खलाशी गेले, त्यानंतर साउथ शील्ड्समध्ये खास बचावासाठी होडी बांधली गेली. पण हे सगळं त्या त्या गावापुरतं होतं. एका बंदरात होडी, पुढच्या चार बंदरांत काहीच नाही.

आयल ऑफ मॅन या बेटावर डग्लस गावी राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी १८२३ मध्ये एक पत्रक छापून देशाला आवाहन केलं की या कामासाठी एक राष्ट्रीय संस्था हवी. हिलरी हे काही साधे कोळी नव्हते. राजघराण्यात नोकरी केलेला, पुढे कर्जात बुडालेला आणि म्हणून बेटावर येऊन राहिलेला हा उमराव. नौदलाच्या खात्याकडून त्यांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग लंडनमधले खासदार आणि व्यापारी यांच्या मदतीने ४ मार्च १८२४ रोजी सिटी ऑफ लंडन टॅव्हर्न इथे सभा झाली आणि संस्था स्थापन झाली. राजा चौथा जॉर्ज आश्रयदाता, पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल अध्यक्ष. आजचं नाव मात्र १८५४ मध्ये मिळालं.

हिलरी स्वतः होडीतून जायचे हेही खरं. १८३० मध्ये डग्लसच्या उपसागरात ‘सेंट जॉर्ज’ या जहाजावरची माणसं वाचवताना ते समुद्रात फेकले गेले आणि त्यांच्या बरगड्या मोडल्या. तेव्हा वय होतं ५९.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. आता प्रश्न.

प्रश्न पहिला: पैसे कोण देतं?

संस्थेच्या इतिहासात हात घालायचा तर आधी तिची वही उघडा, हा सल्ला मी आता प्रत्येकाला देते. पहिल्या वर्षी संस्थेकडे जवळपास १० हजार पौंड जमले. राजा, पंतप्रधान, बिशप सगळे पाठीशी होते, त्यामुळे नवल नाही. पण १८४९ मध्ये वर्षाचं उत्पन्न किती होतं? ३५४ पौंड. म्हणजे २५ वर्षांत संस्था जवळजवळ मेलीच होती. गौरवग्रंथात हा काळ एका परिच्छेदात आटपतो.

त्याच वर्षी डिसेंबरात साउथ शील्ड्सची लाइफबोट उलटली आणि तिच्यावरच्या २४ पायलटांपैकी २० बुडाले. पायलट म्हणजे बंदरात जहाजांना वाट दाखवणारे वाटाडे. ही होडी संस्थेची नव्हती, पण धक्का सगळ्यांना बसला. ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंड यांनी उलटली तरी आपोआप सरळ होणाऱ्या होडीच्या उत्तम आराखड्यासाठी १०० गिनींचं बक्षीस लावलं, २८० प्रवेशिका आल्या आणि संस्थेत पुन्हा जीव आला.

आता पुढची तारीख नीट बघा. १८५४ ते १८६९ या काळात संस्था सरकारी अनुदान घेत होती. ‘कधीही सरकारी पैसा न घेणारी संस्था’ अशी जी प्रतिमा आपल्या मनात तयार होते, तिच्यात ही १५ वर्षं बसत नाहीत. अनुदानाबरोबर सरकारी कागदपत्रं आली, आणि सरकार देतंय म्हटल्यावर लोकांनी हात आखडता घेतला. शेवटी १८६९ मध्ये संस्थेने अनुदान सोडलं. म्हणजे ‘स्वयंसेवी’ असणं हा संस्थेचा जन्मापासूनचा धर्म होता असं म्हणता येत नाही. दोन्ही मार्ग चाखून, हिशेब करून घेतलेला तो निर्णय होता. तत्त्वाची भाषा त्याला पुढे चिकटली.

पैशाची दुसरी मोठी कलाटणी एका दुर्घटनेतून आली. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री लँकाशायरच्या किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ नावाचं जर्मन जहाज अडकलं. तीन गावांच्या लाइफबोटी निघाल्या. लिथमच्या होडीने जहाजावरच्या १२ही जणांना वाचवलं. पण साउथपोर्टच्या १६ पैकी १४ आणि सेंट ॲन्सच्या होडीवरचे सगळे १३, असे २७ जण गेले. मागे १६ विधवा आणि ५० मुलं राहिली.

सेंट ॲन्सला राहणारे कापडगिरणीवाले चार्ल्स मॅकारा यांनी संस्थेचे हिशेब पाहिले तेव्हा त्यांना दिसलं की देणग्यांचा साधारण दोन तृतीयांश भाग सुमारे १०० श्रीमंत माणसांकडून येतो. मग १० ऑक्टोबर १८९१ च्या शनिवारी मँचेस्टरच्या रस्त्यांतून लाइफबोटींची मिरवणूक निघाली. बँड, होड्या, आणि लांब काठ्यांना बांधलेल्या थैल्या, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांपर्यंत आणि ट्रामच्या टपापर्यंत पोचतील अशा! पाच हजार पौंडांहून अधिक जमले. रस्त्यावर उभं राहून सार्वजनिक निधी गोळा करण्याचं हे पहिलं नोंदलेलं उदाहरण मानलं जातं. मॅकारांच्या पत्नी मॅरियन यांनी बायकांची मंडळं उभी केली आणि पैसा गोळा करण्याचं मोठं काम त्यांच्याकडे गेलं.

याचा संशोधकासाठी अर्थ काय? एकदा का पैसा १०० धनिकांऐवजी लाखो सामान्य माणसांकडून यायचा असेल, की त्या लाखोंना भावेल अशी गोष्ट सतत सांगावी लागते. संस्थेचं मुखपत्र १८५२ पासून निघतंय, त्यात बचावाच्या हकिगती छापल्या जात. ते आज आपलं मुख्य साधन आहे. पण ते लिहिताना संपादकाच्या डोळ्यासमोर देणगीदार होता. तुम्ही किंवा मी नव्हतो.

प्रश्न दुसरा: स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी का?

मॅडमच्या पेन्सिलीने मला नेमकं इथे पकडलं होतं. मी गृहीत धरलं होतं की स्वयंसेवक म्हणजे फुकट काम करणारा. आजच्या अर्थाने ते बरोबरच. पण व्हिक्टोरियन काळातले संस्थेचे नियम वाचले तर खलाशांना दर फेरीचे पैसे मिळत: दिवसा गेलात तर १० शिलिंग, रात्री गेलात तर १ पौंड. सरावाच्या फेरीचेही थोडे पैसे असत. गरीब कोळ्याच्या घरात ही रक्कम क्षुल्लक नव्हती. हिवाळ्यात मासेमारी बंद असताना तर नाहीच.

मग तो स्वयंसेवक कसा? कारण त्या काळात या शब्दाचा अर्थ ‘ज्याच्यावर सक्ती नाही तो’ असा होता. नौदलाचा खलाशी हुकूम मोडू शकत नाही, हा मात्र त्या रात्री घरी बसू शकतो. पैसे घेतले म्हणून शौर्य कमी होतं असं अजिबात नाही. १ पौंडासाठी कोणी उलटणाऱ्या होडीत बसत नाही. पण पैशाचा उल्लेख गाळला की माणूस देवघरातल्या मूर्तीसारखा होतो, आणि मूर्तीला पोट नसतं.

नॉरफोक आणि सफोकच्या किनाऱ्यावर तर चित्र आणखी गुंतागुंतीचं. तिथे किनाऱ्यावरच्या लोकांच्या जुन्या ‘बीच कंपन्या’ होत्या. अडकलेलं जहाज सोडवून दिलं, माल वाचवला, की त्याचा मोबदला आपसात वाटून घ्यायचा हा त्यांचा पिढीजात धंदा. पुढे लाइफबोटीवरही हीच माणसं होती. एकाच हाताने माल वाचवायचा आणि माणूसही. धंदा आणि परोपकार यांची सरहद्द कागदावर जितकी स्वच्छ असते तितकी वाळूत नसते.

आणि मग मोटर आली. ३० ऑक्टोबर १९१४ रोजी व्हिटबीजवळ ‘रोहिला’ हे इस्पितळ-जहाज खडकावर आदळलं. नाव वाचून तुमचे कान टवकारले असतील, आणि ते योग्यच आहे. हे जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, नाव आपल्या उत्तरेकडच्या रोहिल्यांवरून. युद्ध सुरू झाल्यावर ते रुग्णसेवेसाठी घेतलेलं. त्यावर २२९ माणसं होती. वल्हवायच्या होडीने दोन फेऱ्यांत ३५ जणांना आणलं, मग ती निकामी झाली. दुसरी होडी दोरांनी कड्यावरून खाली सोडली, तरी जहाजापर्यंत पोचता येईना. शेवटी टाइनमाउथहून आलेल्या मोटर लाइफबोटीने तिसऱ्या दिवशी उरलेल्या ५० जणांना काढलं. एकूण ८५ जण गेले.

जुन्या खलाशांना इंजिनावर भरवसा नव्हता. रोहिलानंतर तो वाद बराच मिटला. पण मोटर आली की तिच्याबरोबर मेकॅनिक येतो, आणि मेकॅनिक रोज होडीपाशी लागतो, म्हणून त्याला पगार द्यावा लागतो. म्हणजे स्वयंसेवकांच्या होडीत एक पगारी माणूस बसला, आणि तोही यंत्राच्या गरजेमुळे.

प्रश्न तिसरा: नोंदीत कोण दिसत नाही?

एक प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. ७ सप्टेंबर १८३८, फार्न बेटांवर ‘फोरफारशायर’ ही आगबोट फुटली आणि लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर छोट्या होडीतून गेली. नऊ जण वाचले. बापलेकीला संस्थेचं रौप्यपदक मिळालं, ग्रेस देशभर प्रसिद्ध झाली आणि चार वर्षांनी, अवघ्या २६ व्या वर्षी क्षयाने वारली.

त्याच सकाळी नॉर्थ संडरलंड गावाहूनही सात माणसं वल्हवत तिथे पोचली होती, त्यांत ग्रेसचा भाऊही होता. त्यांना सापडली फक्त प्रेतं. समुद्र इतका खवळला होता की परत जाता येईना, म्हणून ते दीपगृहावरच अडकून राहिले. धोका त्यांनीही पत्करला होता, कदाचित जास्त लांबचा. पण वर्तमानपत्राला दीपगृहातली तरुण मुलगी हवी होती, सात कोळी नकोत.

आता उलट बाजू बघा. ग्रेस डार्लिंग ही एकच बाई लोकांच्या लक्षात राहिली, आणि तिच्या झगमगाटात शेकडो बायका झाकल्या गेल्या. न्यूबिगिन, क्रेसवेल, डंजनेस अशा गावांत होडी समुद्रात लोटण्याचं काम बायका करत. होडी म्हणजे टनावारी वजन. थंडीत, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोर ओढायचा, होडीखाली लाकडं सरकवायची. आणि त्या होडीत आपलाच नवरा, भाऊ, मुलगा बसलेला. होडी परत आली की पुन्हा ओढून वर घ्यायची. पदक होडीतून गेलेल्यांना मिळायचं. होडीवरची पहिली नोंदलेली बाई येते ती थेट १९६९ मध्ये, वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजच्या छोट्या बचावबोटीवर, एक १८ वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी.

म्हणजे १३० वर्षं बायका या कामात होत्या की नव्हत्या? ‘खलाशी’ हा शब्द घेऊन शोधाल तर नव्हत्या. ‘होडी लोटणारे’ हा शब्द घेऊन शोधाल तर पहिल्यापासून होत्या. कीवर्ड बदलला की इतिहास बदलतो, हे मी वर्गात ऐकलं होतं. या प्रकरणात ते हाताला लागलं.

प्रश्न चौथा: हे वाक्य नेमकं कोणाचं?

१३ नोव्हेंबर १९०१ च्या रात्री नॉरफोकमधल्या केस्टर गावची ‘बोशाम्प’ ही लाइफबोट लाटांच्या माऱ्यात किनाऱ्यालगतच उलटली. १२ पैकी ९ जण मेले. ७८ वर्षांचे जेम्स हेलेट, स्वतः निवृत्त लाइफबोटवाले, नातवाबरोबर लाटांत शिरले आणि होडीखालून माणसं ओढून काढली. तिघे वाचले, त्यांत हेलेट यांचा जावई आणि एक नातू होता. त्याच रात्री त्यांचे दोन मुलगे गेले.

चौकशीत विचारलं गेलं की होडी मदत न करताच माघारी फिरत होती का? म्हाताऱ्याने उत्तर दिलं त्याचा आशय असा: नाही, ते जहाज सोडून आले नसते, उजाडेपर्यंत फिरत राहिले असते, अशी संकटाची खूण दिसत असताना परत येणं नियमात बसत नाही. वर्तमानपत्रातून ते लोकांपर्यंत पोचलं ते असं: केस्टरची माणसं कधीच माघारी फिरत नाहीत. पुढे ते गावाचं ब्रीदच झालं, तिथल्या एका पबला ते नाव आहे.

दोन वाक्यांतला फरक बघा. पहिल्यात एक बाप आपल्या मेलेल्या मुलांवरचा संशय दूर करतोय, आणि त्यासाठी नियमाचा आधार घेतोय. दुसऱ्यात घोषणा आहे. पहिल्यात दुःख आहे, थोडी चीडही असेल. दुसऱ्यात ते सगळं धुऊन निघालंय. मी पहिल्या मसुद्यात दुसरं वाक्य अवतरणचिन्हांत, हेलेट यांच्या नावावर, ठळक अक्षरांत टाकलं होतं. आता लाज वाटते. कोणाच्याही तोंडी वाक्य घालण्याआधी ते कुठल्या प्रश्नाला उत्तर म्हणून आलं ते शोधा.

प्रश्न पाचवा: स्वयंसेवक ‘नाही’ म्हणू शकतो का?

सक्ती नसणं ही स्वयंसेवकाची खूण असेल, तर त्याची खरी परीक्षा तो नाही म्हणतो तेव्हाच होते. माझं प्रकरण शेवटी या प्रश्नावर उभं राहिलं.

३० मे १९४०. डंकर्कच्या किनाऱ्यावर लाखो सैनिक अडकलेले. सरकारकडून संस्थेला निरोप आला: मिळतील तेवढ्या लाइफबोटी डोव्हरला पाठवा. १९ होड्या गेल्या. रॅम्सगेट आणि मार्गेट इथल्या होड्या आपापल्या खलाशांसह थेट फ्रान्सला पोचल्या आणि त्यांच्या कॉक्सनना पुढे गौरवण्यात आलं. कॉक्सन म्हणजे आपल्याकडचा तांडेल, होडीचा प्रमुख.

हाइथ गावचा कॉक्सन होता ‘बुलर’ ग्रिग्ज. डोव्हरमध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की होडी थेट वाळूवर चढवायची, सैनिक भरायचे आणि परत यायचं. ग्रिग्ज म्हणाला, ही होडी जड आहे, वाळूवर चढली तर पुन्हा तरंगणार नाही. त्याने दुसरंही विचारलं: आम्ही मेलो तर घरच्यांना पेन्शन मिळेल हे लिहून देता का? लेखी हमी मिळाली नाही. तो गेला नाही. इतर काही गावांच्या खलाशांनीही तीच भूमिका घेतली. नौदलाने होड्या ताब्यात घेतल्या आणि आपली माणसं बसवली. नंतर संस्थेने चौकशी केली आणि ग्रिग्ज व होडीचा मेकॅनिक असलेला त्याचा भाऊ, दोघांनाही काढून टाकलं.

आणि हाइथच्या होडीचं काय झालं? तिचं नाव ‘व्हायकाउंटेस वेकफिल्ड’. ती ला पान इथे वाळूवर चढवली गेली, तिथेच रुतली आणि परत आलीच नाही. डंकर्कला गेलेल्या १९ लाइफबोटींपैकी गमावलेली ही एकच.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. ग्रिग्ज भित्रा होता असं म्हणणं सोपं, आणि तो बरोबर होता असं म्हणणंही सोपं. होडीबद्दलचा त्याचा अंदाज खरा ठरला, हे नक्की. पण त्या दिवशी हजारो माणसं गोळ्यांखाली पाण्यात उभी होती, हेही खरंच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे न्यायाधीश होऊ नये. आपला प्रश्न वेगळा: ज्याला नाही म्हणण्याबद्दल काढून टाकता येतं, तो स्वयंसेवक राहतो का? पेन्शनची हमी मागणं हे त्यागाच्या विरुद्ध आहे, की कुटुंबाबद्दलच्या जबाबदारीचाच भाग? १८८६ च्या १६ विधवा आणि ५० मुलं आठवून या प्रश्नाकडे बघा. किनाऱ्यावरच्या माणसाला ती संख्या पाठ असते.

ही बाजू पदकांच्या यादीत सापडत नाही. ती चौकशीच्या कागदात, पत्रव्यवहारात आणि गावाच्या आठवणीत सापडते. म्हणून संस्थेवर काम करणाऱ्याने गौरव झालेल्यांइतकाच शोध काढून टाकलेल्यांचा घ्यावा.

आकड्यांबद्दल थोडंसं

संस्था सांगते की १८२४ पासून तिने १ लाख ४४ हजारांहून अधिक जीव वाचवले. आकडा खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण एकोणिसाव्या शतकातले अहवाल पाहिले तर एकूण संख्येत दोन गोष्टी असत: संस्थेच्या लाइफबोटींनी वाचवलेले, आणि साध्या मासेमारी होड्यांनी किंवा इतर प्रयत्नांनी वाचवलेले ज्यांच्यासाठी संस्थेने बक्षीस दिलं. म्हणजे आकड्यात येण्यासाठी बचाव पुरेसा नव्हता. तो संस्थेपर्यंत पोचावा लागे आणि मान्य व्हावा लागे. कुठलाही मोठा आकडा वापरताना ‘कोणी, कशासाठी, काय धरून मोजलं’ हे एका वाक्यात तरी लिहा. व्हायव्हाला परीक्षक हमखास इथेच बोट ठेवतात.

आजच्या संस्थेतही शब्दांचा अर्थ सरकतोच आहे. होडीवरच्या स्वयंसेवकांपैकी समुद्राशी संबंधित पेशातून आलेले आता साधारण दहात एक. बाकीचे शिक्षक, सुतार, दुकानदार. २०२१ मध्ये इंग्लिश खाडीत छोट्या होड्यांतून येणाऱ्या स्थलांतरितांना वाचवल्याबद्दल संस्थेवर जाहीर टीका झाली. तेव्हा तिने सांगितलं की बुडणारा माणूस कोण, कुठला हे आम्ही बघत नाही. त्यानंतर देणग्या वाढल्या. आयर्लंड १९२२ मध्ये वेगळं झालं तरी तिथे ही संस्था काम करत राहिली, हेही याच्या शेजारी ठेवून बघा. नावात ‘रॉयल’ आणि ‘नॅशनल’ आहे, पण यातलं राष्ट्र कोणतं, हा आणखी एक प्रबंध होईल.

आणि आपला किनारा?

माझा विषय ब्रिटिश संस्थेचा असला तरी हे प्रकरण लिहिताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. जे वाचले त्यांतल्या अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी उचललं. हे आपल्याला लोकांच्या सांगण्यातून, वर्तमानपत्रांतून माहीत आहे. पण त्या होड्या कोणाच्या, त्यावर कोण होते, किती जणांना कोणी काढलं? त्यांच्यामागे मुखपत्र नव्हतं, पदकांची वही नव्हती, वार्षिक अहवाल नव्हता.

इतके पान मी संस्थेच्या कागदांवर संशय घेत आले, पण संशय घ्यायला तरी कागद आहेत. १८५२ पासूनचे अंक, होडीगणिक फेऱ्या, खलाशांची नावं. नॉर्थ संडरलंडचे ते सात कोळी विसरले गेले असं मी म्हणू शकते, कारण ते सात होते हे कुठेतरी लिहिलेलं आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचं असेल आणि विषय शोधत असेल, तर आजी-आजोबांच्या पिढीकडे लवकर जा. रेकॉर्डर घेऊन जा. आणि ‘कोणी वाचवलं?’ याबरोबर ‘होडी पाण्यात कोणी लोटली?’ हेही विचारा.

मॅडमचा प्रश्न मी आता माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जो शब्द सगळ्यात जास्त वेळा येतो, तो आज पेन्सिलीने गोल करून बघा. समाजसेवक, कार्यकर्ता, लाभार्थी, जो असेल तो. तो तुमचा आहे की तुमच्या साधनांचा, हे कमेंटमध्ये सांगितलंत तर पुढच्या पोस्टमध्ये त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन बोलू.